जुन्या पुस्तकाच्या खुणा बांधणीत कापू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पुस्तकवेड्या माणसांभोवती फिरणाऱ्या एका रहस्यकादंबरीचा परिचय आला होता. विस्मृतीत गेलेला लेखक, त्याच्या पुस्तकाची कशीबशी उरलेली एक प्रत, पानांत सापडलेले पत्र आणि त्या पत्रामागचे प्रेम असा तिचा बाज. परिचय मनापासून लिहिलेला आहे आणि अशा कादंबऱ्या आवडीने वाचणारे सोलापुरात पुष्कळ आहेत. पण अशा गोष्टीतला शोध ज्या खुणांच्या आधाराने पुढे सरकतो, त्याच खुणा आपल्याकडच्या अनेक वाचनालयांत बांधणीच्या आणि निर्लेखनाच्या (जुनी पुस्तके संग्रहातून कमी करण्याच्या) कामात कापल्या जातात, खळीखाली जातात किंवा थेट रद्दीत जातात. त्या वाचवणे अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. ग्रंथपाल, सेवक, बाइंडर आणि वाचक या सगळ्यांना ते कळावे म्हणून हे पत्र.

कागद आणि छपाईचे खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) साक्ष देतात, हे प्रत्यक्षात घडलेले आहे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीने रॉबर्ट ब्राउनिंग यांच्याशी लग्न होण्याआधी, १८४५-४६ च्या सुमारास, त्यांच्यावरच्या प्रेमाची सुनीते लिहिली. ती प्रसिद्ध झाली १८५० मध्ये. पुढे काही दशकांनी त्याच सुनीतांची एक छोटी पुस्तिका संग्राहकांच्या बाजारात आली. तिच्यावर 'रेडिंग, १८४७' असे छापलेले होते. म्हणजे ज्ञात पहिल्या आवृत्तीच्याही आधीची, खासगी वाटपासाठी काढलेली प्रत! तिला शोभेल अशी एक हळवी हकीकतही पसरली आणि संग्राहकांनी ती भारी किमतीला घेतली. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या ग्रंथव्यवसायातल्या दोघा तरुणांनी तिचा निकाल लावला. कागदात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला आणि तसा कागद इंग्लंडमध्ये १८७४ च्या आधी वापरात नव्हता. खिळेही बोलले. जुन्या इंग्रजी खिळ्यांत 'एफ' आणि 'जे' या अक्षरांचा आकडा खिळ्याच्या अंगाबाहेर आलेला असे आणि तो छापताना मोडे. पुस्तिकेतली अक्षरे आकडा अंगातच सामावलेली होती आणि तो साचा १८८० नंतरचा होता. अशा बनावट पुस्तिका बऱ्याच निघाल्या आणि धागा टी. जे. वाइज या त्या काळच्या सर्वांत मान्यवर ग्रंथसंग्राहकापर्यंत गेला. त्याने कबुली दिली नाही. १९३७ मध्ये तो वारला. ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या नाटकांच्या प्रतींतून पाने काढून त्याने आपल्या प्रती पुऱ्या केल्या होत्या, हेही नंतर उघड झाले.

या शोधात कवितेच्या मजकुराचा उपयोग फार थोडा झाला. कागद मूळ होता, खिळ्यांचा ठसा मूळ होता, म्हणून तारीख खोटी ठरली. आपल्याकडे असाच प्रश्न उद्या उभा राहिला, तर तपासायला मूळ काय उरलेले असेल?

मराठीतही कोडी आहेत. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केले, तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे नक्की कोण, बाई की टोपणनावाने लिहिणारा पुरुष, यावर महाराष्ट्रात किती तर्क लढवले गेले! त्या मालतीबाई बेडेकर, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिल्या आवृत्तीची प्रत हाती आली तर दाखल नोंदवहीत (वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या वहीत) शीर्षकपानावर छापले आहे तेच नाव लिहावे आणि खरे नाव शेऱ्याच्या रकान्यात घालावे. छापलेल्या नावावर कागदी पट्टी चिकटवून 'दुरुस्ती' करू नये. ज्या वाचकाने ते पुस्तक १९३३ मध्ये हातात घेतले, त्याला काय दिसत होते, ते नंतरच्याला कळायला दुसरी वाट नाही.

मुखपृष्ठ आणि शीर्षकपान गेलेले पुस्तक बहुतेक ठिकाणी 'साल नाही' असा शेरा मारून बाजूला पडते. खरे तर साल बऱ्याचदा सापडते. सुरुवात शेवटच्या पानापासून करावी. १८६७ च्या छापखाने व पुस्तकनोंदणी कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. ही ओळ शीर्षकपानाच्या मागे नसेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी असते. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, आणि महिना पौष उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. शके १८५० चा माघ म्हणजे १९२९ ची सुरुवात. इथे ७८ मिळवून १९२८ लिहिण्याची चूक नेहमी होते. किंमत पाहावी. आणे छापलेले असतील तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याची शक्यता मोठी. 'नवे पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ चा काळ, कारण १९६४ च्या जूनमध्ये 'नवे' हा शब्द गळाला. किंमत चिठ्ठीवर किंवा शिक्क्याने असेल तर ती विक्रीच्या वेळची समजावी, छपाईच्या वेळची नव्हे. प्रकाशकाच्या पत्त्यात नुसते 'पुणे २' असेल तर पुस्तक बहुधा १९७२ च्या आधीचे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तेरा आकडी असेल तर प्रत साधारण २००७ च्या नंतरची.

शुद्धलेखनाची खूण सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत फसवीही. 'घरीं', 'नाहीं', 'मुलें' असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, म्हणून असे अनुस्वार दिसले की आपण जुनी आवृत्ती म्हणून मोकळे होतो. पण जुन्या आवृत्तीच्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर छापलेली पुनर्मुद्रणे भरपूर आहेत आणि त्यांत ते अनुस्वार जसेच्या तसे येतात. इथे डोळ्यापेक्षा बोट कामाला येते. पान उचलून त्याच्या मागच्या बाजूने बोटाचे टोक हलकेच फिरवावे. खिळ्यांची छपाई असेल तर अक्षरांच्या दाबाचे बारीक उंचवटे जाणवतात. खिडकीच्या तिरप्या उजेडात ते दिसतातही. ऑफसेटचे पान मागून सपाट लागते. अनुस्वार जुने आणि पानाची मागची बाजू सपाट असेल तर ते पुनर्मुद्रण. कडेची अक्षरे किंचित पुसट आणि रेषा तुटक असतील तर फोटोवरून छापल्याची शंका आणखी पक्की होते.

मलपृष्ठावरच्या आणि शेवटच्या पानांतल्या जाहिराती कोणी वाचत नाही, बाइंडर तर त्या पहिल्यांदा काढून टाकतो. 'लवकरच प्रसिद्ध होत आहे' असे ज्या पुस्तकाबद्दल म्हटले आहे, ते कधी आले एवढे शोधले की हातातल्या प्रतीचे साल वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने ठरते. मुखपृष्ठावरच्या चित्राची सही तशीच महत्त्वाची. दीनानाथ दलाल यांचा जन्म १९१६ चा. त्यांच्या सहीचे मुखपृष्ठ असलेली प्रत १९२० च्या दशकातली असू शकत नाही, आत साल काहीही छापलेले असो. शाईचेही तसेच. बॉलपेन बाजारात आला १९४० च्या दशकात, तेव्हा बॉलपेनने लिहिलेली आणि खाली १९३२ ची तारीख घातलेली 'सप्रेम भेट' नंतर कोणीतरी लिहिलेली आहे. दौतीतली जुनी निळी-काळी शाई तपकिरी पडते आणि मागच्या पानावर उमटते.

एवढे हाती आले की शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत पाहावे. तिच्या खंडांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशी नोंद आहे. १८६७ च्या त्याच कायद्याने सरकारदरबारी दर तीन महिन्यांनी पुस्तकांची यादी निघत असे. तिच्यात पृष्ठे, आकार, आवृत्ती, किंमत आणि किती प्रती काढल्या हेही असे. आपल्या कपाटातले पुस्तक त्या नोंदीशी पानांच्या संख्येने जुळत नसेल, तर पाने गेली आहेत किंवा आवृत्ती वेगळी आहे. फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे, मोजले की यांतले कोणते ते कळते. एक फर्मा साधारण १६ पानांचा. पान १, १७, ३३, ४९ च्या तळाशी बारीक अक्षरात फर्म्याचा आकडा असतो. तो क्रम मध्येच तुटला की तिथला फर्मा गळालेला आहे. पृष्ठांक बरोबर असूनही मजकूर तुटत असेल तर बांधताना फर्मे पुढेमागे झालेले असतात, आणि हे जितके वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

आता बांधणी. खरे नुकसान इथेच होते.

वर्षाअखेरीस बांधणीची रक्कम संपवायची म्हणून फाटलेली पुस्तके गठ्ठ्याने बाइंडरकडे जातात. मजुरीचा दर पुस्तकामागे ठरलेला. त्यात जुजबंदी, म्हणजे एकेक फर्मा घडीतून शिवणे, परवडत नाही, म्हणून बाइंडर मूळ शिलाई सोडवतो, पुस्तकाची पाठ (कणा) कापतो, टोच्याने कडेला आरपार भोके पाडून शिवतो आणि मग तिन्ही बाजू कटिंग मशिनवर सरळ करतो. आरपार शिलाई आतला समास सेंटिमीटरभर खाते, कटिंग बाहेरचा. त्या समासात कोणी पेन्सिलीने लिहिलेले असेल तर अर्धे अक्षर उरते. मूळ मुखपृष्ठ, कोरी पाने, त्यांवरची भेटीची ओळ, जुन्या मालकाची सही, पुस्तकविक्रेत्याचा छोटा शिक्का, सगळे नव्या पुठ्ठ्याखाली किंवा केराच्या टोपलीत. वर जुना कागद वाकवायला जागा राहत नाही, त्यामुळे वाचक पुस्तक उघडतो तशी पाने शिलाईच्या रेघेवर मोडतात. वर्षभरात तेच पुस्तक 'जीर्ण' म्हणून निर्लेखनाला येते.

हे टाळायला पुस्तक बांधणीला देण्याआधी दहा मिनिटांचे काम आहे. मुखपृष्ठ दोन्ही बाजूंनी, पाठ, शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू, अर्पणपत्रिका, हस्ताक्षर असलेले प्रत्येक पान, शिक्के आणि शेवटचे पान यांचे मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्यावेत. शेजारी पट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो. फोटोंच्या फोल्डरला दाखल क्रमांकाचेच नाव द्यावे. मग समासातल्या कोपऱ्याची छोटी घडी एकदा पुढे, एकदा मागे घालून पाहावी. लिहिलेले नसलेल्या एकाच पानावर. दोन-तीन घड्यांत कोपरा तुटला तर ते पुस्तक शिवायचेच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईत निघालेली बरीच पुस्तके अशी असतात. लाकडाच्या लगद्यात आणि तुरटी-राळेच्या लेपात आम्ल असते, ते कागदाला आतून खाते. त्यावर शिलाई, सेलोटेप, लॅमिनेशन यांतले काहीही करू नये. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात शिरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर उलटवताच येत नाही. अशी प्रत गुंडाळून ठेवायची आणि वाचकाला स्कॅन द्यायचे.

जे शिवण्याजोगे आहे त्याच्यासाठी बाइंडरला चिठ्ठीवर लिहून द्यावे: जुजबंदी, कटिंग नाही, मूळ मुखपृष्ठ व सर्व जाहिराती जागेवर, खळीत मोरचूद नाही. मोरचूद किडीला मारते म्हणून बाइंडर घालतात, पण त्यातले तांबे कागद लवकर कुजवते. खळ ताजी करावी आणि दोन दिवसांत संपवावी. मैद्यापेक्षा गव्हाचा चीक चांगला, कारण कीड ज्या प्रथिनावर जगते ते त्यात कमी असते. कुरडयांसाठी काढतो तसाच चीक, फक्त निवळीचे पाणी दोन-तीनदा बदललेला. निथळलेल्या चिकाच्या एका वाटीला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पंधरा-वीस मिनिटे, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत. गाळून, गार करून, पातळ हात फिरवायचा. जाड लावलेली खळ सोलापूरच्या उन्हाळ्यात तडकते आणि पाठ सुटते.

गुंडाळायला कापड शोधायला सोलापूरकराला लांब जायला नको. न रंगवलेला मांजरपाट घ्यावा. मात्र कोरे कापड तसेच वापरू नये. त्याला लावलेली खळ हे कसरीचे आयते खाद्य. गरम पाण्यात साबणाशिवाय दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावे. लाल कापडात पोथ्या बांधण्याची पद्धत जुनी आहे, पण ओल लागली की लाल रंग कागदावर उतरतो.

इथले हवामान दोन टोकांचे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी; तेव्हा ठिसूळ पुस्तक पूर्ण उघडून झेरॉक्सच्या काचेवर दाबणे म्हणजे पाठ मोडणे. ही कामे हवेत थोडा ओलावा असलेल्या दिवसांत करावीत. सप्टेंबरचा परतीचा पाऊस आला की उलट त्रास. पत्र्याच्या गळतीखाली किंवा माळवदाच्या भिंतीला चिकटून कपाट असेल तर बुरशी आणि वाळवी दोन्ही येतात. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर वर असावे. भिजलेल्या पुस्तकाला ४८ तासांच्या आत वारा मिळाला पाहिजे, नाही तर बुरशी धरते: पंख्याखाली उभे करावे, पानांत कोरे शोषक कागद घालून बदलत राहावे. चकचकीत आर्ट पेपरची चित्रे एकमेकांना चिकटून वाळली की सुटत नाहीत, म्हणून ती आधी हातात घ्यावीत. पुस्तकांना उन्हात वाळत घालणे बंद करावे. ऊन कागद पिवळा करते. सावलीतला वारा पुरतो.

कसर लागलेल्या पुस्तकासाठी डांबरगोळ्यांचा मारा नको. बंद खोलीत त्याचा त्रास सेवकांनाच होतो. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये. दंव पिशवीच्या बाहेर जमले पाहिजे, कागदावर नव्हे. पानांत घातलेला कडुनिंबाचा पाला डाग पाडतो, त्याला कपाटाच्या तळाशी जागा द्यावी.

पानांत पत्र, लग्नपत्रिका, नाटकाचे तिकीट किंवा वाळलेले फूल सापडले तर ते फेकायचेही नाही आणि तिथेच सोडायचेही नाही. फुलाचा रस आणि पत्राचा आम्लयुक्त कागद समोरच्या पानावर ठसा उमटवतात. प्रथम जागेवर फोटो, मग सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाच्या पाकिटात वस्तू, आणि पाकिटावर पेन्सिलीने दाखल क्रमांक व 'पृ. ११२-११३ मध्ये' असा शेरा. कोणते पान होते याला किंमत आहे: कोणत्या कवितेशी पत्र ठेवले होते, यावरून कधी कधी पत्रातल्या निनावी व्यक्तीचा माग लागतो. खासगी पत्र आणि लिहिणारे किंवा त्यांचे घरचे हयात असण्याजोगे असेल, तर ते समाजमाध्यमांवर टाकू नये.

सोलापूरसाठी हे सगळे जास्त निकडीचे आहे. शाहीर राम जोशींच्या या गावात मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू वाचणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकाच पुस्तकावर दोन लिप्यांत सह्या आढळल्या तर नवल नाही. जीवराज जैन ग्रंथमालेने 'तिलोयपण्णत्ती'सारखा प्राकृत ग्रंथ १९४३ पासून इथून प्रसिद्ध केला. असे मोठे ग्रंथ इतर ठिकाणीही जपलेले असतात. मात्र स्थानिक छापखान्यांत निघालेले लावण्यांचे, भजनांचे गुटके, गिरणगावातल्या मंडळांच्या स्मरणिका, शाळांची हस्तपुस्तके यांची दुसरी प्रत मुंबई-पुण्यात मिळेलच असे नाही. निर्लेखनात पहिला बळी याच पातळ पुस्तकांचा जातो, कारण देवघेवीच्या नोंदीत त्यांच्यापुढे वर्षानुवर्षे शिक्का नसतो. निर्लेखनाच्या यादीतले १९६० पूर्वीचे प्रत्येक पुस्तक, आणि सोलापुरात छापलेले कोणत्याही सालातले, आधी दात्यांच्या सूचीत आणि शहरातल्या इतर वाचनालयांच्या दाखल नोंदवह्यांत पाहून मगच त्यावर सही व्हावी.

आपल्या दैनिकाला एक विनंती. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी निर्लेखनाच्या याद्या पाठवल्यास त्यांतली अशी जुनी नावे, लेखक, मुद्रक आणि साल एवढ्या तपशिलासह आपल्या स्थानिक पानावर छापावीत, आणि पुस्तके रद्दीत जाण्याआधी वाचकांना हरकत नोंदवायला किमान पंधरा दिवस मिळावेत.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता,
सोलापूर